चार फ्रेमचा उशीर

“मशीन कुठलंही द्या, रडणारे रडणारच,” माझ्या पाठीमागे कुणीतरी मराठीत म्हणालं.

“हळू बोल ना. ऐकेल ती.”

“ऐकू दे की. लॅग अक्काला कुठे मराठी कळतंय!”

दोघंही हसले. मग खारा बनचा कागद चुरगळल्याचा आवाज आला.

मी वळून पाहिलं नाही. मांडीवर माझी बटणांची पेटी होती आणि समोरच्या पडद्यावर खेळातली माझी म्हातारी काठी टेकून उभी होती. राजाजीनगरातल्या एका बेकरीच्या वर हा गेमिंग कॅफे आहे. मार्चमध्ये खालच्या भट्टीची ऊब फरशीतून वर येते, चपला काढून बसलं की तळव्यांना कळते. भिंतीवरच्या कागदावर माझं खेळातलं नाव लिहिलेलं होतं, टॅमरिंड. त्यावरून त्या पुण्याकडच्या दोघांना मी कुठली हे कळायचं काही कारण नव्हतं. बंगळुरात मराठी ही घराचं दार लावून घेतल्यावर बोलायची भाषा, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. इथे ती भर हॉलमध्ये चालली होती, आणि माझ्याबद्दल चालली होती.

मॅच सुरू व्हायला अर्धा-एक मिनिट होतं. जो जिंकेल तो शहराच्या टीममध्ये चौथा म्हणून जाणार होता. पहिली तीन नावं ठरून गेली होती. गेल्या मार्चमध्येही मी याच मॅचपर्यंत आले होते, आणि तेव्हाही शेजारच्या खुर्चीत, माझ्याविरुद्ध, किरणच होता.

मार्च आला की या शहराला गुलाबी फुलं येतात आणि लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मला ती फुलं आता बघवत नाहीत. झाडावर असतात तोवर ठीक. पण ती गळतात ती अख्खी, पाकळी-पाकळी नाही, आणि उभ्या ऑटोंच्या टपावर दुपारभर वाळून तपकिरी होतात. गेल्या वर्षी आमच्या क्वार्टर्सच्या गेटपाशी अशी एक बंद पडलेली ऑटो होती. परीक्षेच्या सुट्टीत रोज दुपारी गॅलरीतून मी तिचा टप बघायचे. आधी काळा, मग गुलाबी, मग मळका. तो महिना माझ्या डोक्यात तसाच रंग बदलत गेलेला आहे.

सुट्टी अभ्यासासाठी होती. बाबा लॅबमध्ये, आई बँकेत. मी पडदे ओढून, टीव्हीचा आवाज बंद करून बसायचे. पेटी बाबांनी केली होती. प्लायवूडची, वर स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या कपाटाचा उरलेला सनमायका. डाव्या हाताला दांडा, उजव्या हाताला आठ बटणं. आवाज बंद केला तरी बटणांचा आवाज कसा बंद करणार? खालच्या मजल्यावरच्या अक्का एकदा जिन्यात भेटल्या. “येनम्मा, टायपिंगा?” त्यांनी कौतुकाने विचारलं. मी मान हलवली. पेटीखाली मांडीवर इंजिनिअरिंगच्या सिग्नल्स विषयाचं पुस्तक उघडं असायचं, म्हणजे कुणी आलंच तर पेटी उचलली की अभ्यास. सगळी सुट्टी ते पुस्तक एकाच पानावर उघडं राहिलं. त्या पेपरात मी नापास झाले. त्याबद्दल बाबा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

खेळात मी म्हातारी का घेते, असं मला नेहमी विचारतात. बाकीचे सगळे धावून जाणारे, उड्या मारणारे, आगी ओकणारे गडी घेतात. ही बाई जागची हलत नाही. काठी टेकून उभी राहते आणि बघते. समोरचा मारायला आला की त्याच्या मारण्यातच कुठेतरी एक फट असते, तिथे ही काठी घालते. किरणच्या गड्याचा एक मोठा फटका आहे. मारण्याआधी तो उजवा खांदा मागे घेतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं ते. पण खांदा मागे जाताना दिसला आणि त्याच क्षणी बटण दाबलं तर काठी आधी पोचते. मी दोन महिने तो एक खांदा बघितला. दुसरं काही नाही. दहातल्या नऊ वेळा काठी पोचायची. आयुष्यात दहातल्या नऊ वेळा काही जमावं असं माझ्या बाबतीत फारसं झालेलं नाही. शाळेत मला उत्तर यायचं, पण हात वर करेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी ते दिलेलं असायचं. म्हातारीच्या गावात मात्र थांबणाऱ्यालाच किंमत होती.

तर हा गेम एकच आहे, पण तो निरनिराळ्या मशीनांसाठी निरनिराळा बांधलेला आहे. त्याला पोर्ट म्हणतात. डबीवरचं चित्र तेच, माणसं तीच, फटके तेच. आत मात्र कुणीतरी वेगळ्या मशीनसाठी वेगळं काम केलेलं असतं, आणि एका मशीनवर बटण दाबल्यापासून हात हलेपर्यंत जो वेळ जातो, तो दुसऱ्यावर थोडा जास्त जातो. हा वेळ फ्रेममध्ये मोजतात. एका सेकंदाच्या साठ फ्रेम. एखाद-दुसरीचा फरक कुणाला जाणवेल, असं कुणालाही वाटेल.

आईला मी हे एकदा समजावलं होतं. ती पोळ्या करत होती.

“म्हणजे कणीक तीच, शेगडी वेगळी,” ती म्हणाली. “त्यात काय एवढं? तुझ्या मावशीकडे इंडक्शनवर माझी एक पोळी फुगली नाही. मी रडले का?”

“रडलीस की. घरी येऊन.”

“घरी येऊन,” आई म्हणाली. “तिथे नाही.”

मीसुद्धा घरी येऊनच रडले.

गेल्या वर्षीची ती मॅच सुरू होण्याआधी आम्हाला बटन-चेक मिळाला. तो सगळीकडेच मिळतो. खेळाडू आपापली पेटी घेऊन येतात, ती जोडतात, आणि मॅचच्या आधी अर्धा-एक मिनिट नुसती बटणं दाबून बघतात. काही चुकत असेल तर तेव्हा सांगायचं. मशीन बदलून देतात, टीव्ही बदलून देतात, कुणी तोंड वाकडं करत नाही. मग दोघांनी “सरी”, म्हणजे ठीक आहे, म्हटलं की झालं. त्यानंतर केलेली तक्रार ही तक्रार नसते, तो बहाणा असतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

मी दाबलं आणि काठी उशिरा उठली. किती ते सांगता आलं नसतं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं बोटांना झालं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. किरणने विचारलं, “ओके ना, अक्का?” तो होसकोटेचा, तिथल्या एका कारखान्यात शिफ्ट करतो आणि रविवारी दोन बस बदलून येतो. सगळ्या मुलींना अक्का म्हणतो. शेजारच्या टेबलावर दुसरं मशीन रिकामं होतं, माझ्या घरी आहे तसलंच. मला ते दिसत होतं.

मी म्हटलं, “सरी.”

मग मी किरणचा खांदा मागे जाताना प्रत्येक वेळी पाहिला. प्रत्येक वेळी दाबलं. आणि प्रत्येक वेळी म्हातारी आधी पडली, मग तिने काठी उचलली. खरं तर पडलेल्या माणसाने काठी उचलणं हे खेळात होऊ शकत नाही. पण मला अजूनही ते तसंच आठवतं.

घरी येऊन मी खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर इंग्रजीत लांबलचक मेसेज लिहिला. पोर्टबद्दल, उशिराबद्दल, मुद्दे पाडून. लिहिताना मी फार धीट असते. दोन मिनिटांत कुणीतरी रडक्या बाळाचं चित्र टाकलं. कुणीतरी लिहिलं, मशीन तर दोघांना एकच होतं ना? आणि मग कुणीतरी लॅग अक्का, म्हणजे उशीरवाली ताई, असं लिहिलं, आणि ते राहिलं. किरणने काहीच चिडवलं नाही. त्याने फक्त मला वेगळा मेसेज केला, “आधी सांगायचं ना, अक्का. शेजारच्यावर खेळलो असतो.” ते रडकं बाळ मी विसरले असते. हे वाक्य नाही विसरले. इतकं सोपं होतं ते.

बाबा मोजणारे आहेत. सरकारी लॅबमध्ये तीस वर्षं ते कसली ना कसली कंपनं मोजत आले आहेत. मोजल्याशिवाय बोलू नये, हे आमच्या घरातलं पहिलं वाक्य. लहानपणी मला ताप आला की आई कपाळाला हात लावून म्हणायची, “तापलीय हो पोर.” बाबा म्हणायचे, “थांब.” मग थर्मामीटर. तोपर्यंत मला ताप नसायचा. शाळेत पोट दुखलं तर बाई विचारायच्या, आणि मला वाटायचं, किती दुखतंय ते नीट ठरवल्याशिवाय कसं सांगायचं? मी ठरवत बसायचे, आणि तास संपायचा.

मेसेजचं सगळं कळल्यावर बाबा पुढच्या रविवारी माझ्याबरोबर कॅफेत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात आईचा चांगल्या कॅमेऱ्याचा फोन. कॅफेच्या मालकांना, मंजू अण्णांना, त्यांनी नीट हात जोडून परवानगी मागितली. अण्णा आधी घाबरलेच, त्यांना वाटलं बेस्कॉमचे, वीज कंपनीचे, साहेब आले. “स्वल्प बेग, सार,” ते म्हणाले, “जरा लवकर आटपा, अकराला पोरं येतात.” बाबांनी माझं बोट आणि पडदा दोन्ही दिसतील असा फोन खुर्चीवर पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला. मी दाबत राहिले. वीस वेळा दाबून झाल्यावर ते म्हणाले, “अजून वीस.” मग बेकरीतल्या बाकावर बसून त्यांनी तो संथ व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत बघितला आणि बिलाच्या पाठीवर उभ्या रेघा मारल्या. घरच्या मशीनवरचं मोजमाप त्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं.

“चार फ्रेम,” ते म्हणाले. “घरच्यापेक्षा चार जास्त. सेकंदाचा पंधरावा भाग.”

“बघा! मी म्हणत होते!” आठवड्याभरात पहिल्यांदा मला नीट श्वास आला.

त्यांनी मान हलवली. कॉफीचा पेला फिरवत राहिले. मग म्हणाले, “पण तुला तेव्हाच कळलं होतं?”

“हो.”

“मॅचच्या आधी?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“मोजलं नव्हतं ना,” मी म्हटलं.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. परत येताना मेट्रोत ते माझ्या शेजारी बसून समोरच्या काचेत बघत होते आणि ते बिल त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवलं होतं, ठेवायचं काही कारण नसताना.

चार फ्रेमने फरक पडतो का? वर्षभर मी दुसरा विचार केलेला नाही. मशीन दोघांना एकच होतं, हे खरं आहे. उशीर दोघांनाही सारखाच होता. किरण दर रविवारी त्याच मशीनवर शिकला, मी घरी दुसऱ्यावर, हा त्याचा दोष नाही. पण एवढ्यावर ते संपत नाही. जो धावून जातो, त्याला काय करायचं ते त्याचं त्याने आधीच ठरवलेलं असतं. त्याचा फटका चार फ्रेम उशिरा निघाला तरी तो त्यानेच निघायला लावलेला असतो. जो बघून उत्तर देतो, त्याच्याकडे मुळात वेळच तेवढा असतो. त्यातून चार गेल्या तर काही उरत नाही. उशीर सारखा वाटला तरी तो सारखा लागत नाही. हे मी एकदा किरणला सांगितलं असतं तर त्याला पटलं असतं, असं मला वाटतं. सांगितलं नाही.

आणि कधी कधी, विशेषतः दुपारी, मला वाटतं की हे सगळंच खोटं असेल. रेघा खऱ्या असतील, पण मी तशीही हरले असते. तळहात ओले होते. मागे माणसं होती. माझा उशीर मशीनमध्ये कमी आणि माझ्यात जास्त होता. इंग्रजीत मनात आलेलं दुकानात कानडीत सांगायचं, घरी मराठीत सांगायचं, आणि प्रत्येक वेळी मध्ये थोडं थांबायचं. लोकांना ते थांबणं शिष्टपणा वाटतं. वर्गातल्या मुली सर्जापूर रोडवरच्या कंपन्यांमध्ये लागल्या. गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे घालून कॉलेजच्या ग्रुपवर फोटो टाकतात. मी याही मार्चमध्ये सिग्नल्सचंच पुस्तक घेऊन बसलेय. माझं हरणं कशामुळे, हे मला कुणीतरी मोजून सांगायला हवं होतं. त्यासाठी कुठे फोन टेकवून ठेवायचा?

मे महिन्यात बाबा रिटायर होतील. जूनमध्ये क्वार्टर सोडायचं आणि नाशिकला जायचं, आजोबांच्या वेळच्या फ्लॅटमध्ये. बंगळुरातली ही माझी शेवटची स्पर्धा. तिथे गेल्यावर नातेवाईक विचारतील, काय करतेस? आणि माझ्याकडे एका नापास पेपराशिवाय आणि टीममधल्या या चौथ्या जागेशिवाय सांगण्यासारखं काही नसेल. जागा मिळाली तर. मला ती किती हवी होती, हे मी घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. सकाळी दात घासताना मी मनातल्या मनात टीमची चार नावं म्हणत असे, चौथं माझं, आणि मग घाईघाईने चूळ भरत असे, जणू कुणी ऐकलं असतं.

यंदा तयारी पक्की होती. जानेवारीत बाबांनी घरच्या टीव्हीचं सेटिंग बदलून बदलून, पुन्हा फोन टेकवून, पुन्हा रेघा मारून, आमचं मशीन बरोबर चार फ्रेम उशिरा चालेल असं करून ठेवलं होतं. “आता हे त्यांच्यासारखं झालं,” ते म्हणाले. इतका खूश झालेला चेहरा मी त्यांचा क्वचित पाहिलाय. मी म्हातारीला नव्याने शिकवलं. खांदा मागे जाण्याची वाट बघायची नाही, खांदा मागे जाणार असं वाटलं की दाबायचं. जानेवारी, फेब्रुवारी. गेटपाशी ती ऑटो आता नाहीये, पण झाडाने तिच्या जागेवर फुलं टाकलीच. आईने पाडव्याची गुढी बांधायची काठी धुऊन ठेवली होती, खालच्या अक्कांनी कडुलिंबाचा मोहर आणून दिला होता, आणि पाडव्याच्या आधीच्या त्या रविवारी मी पेटी खांद्याला लावून निघाले, तेव्हा बाबा दारात येऊन म्हणाले, “चार. लक्षात ठेव.”

कॅफेत शिरले आणि पाहिलं तर मंजू अण्णांनी स्पर्धेसाठी नवं मशीन आणलेलं होतं. नवा मोठा टीव्ही, त्यावर अजून प्लास्टिक. त्याच गेमचा तिसराच पोर्ट. अण्णा प्रत्येकाला तो टीव्ही दाखवत होते, “सुपर अल्वा, सुपर ना?” सगळे म्हणत होते, सुपर. जुनं मशीन आणि जुना टीव्ही कोपऱ्यातल्या टेबलावर सरकवला होता. ज्या मशीनला मी वर्षभर मनात शिव्या दिल्या, त्याच्याकडे मी गर्दीतून ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी बघत होते. आमचं असंच असतं. गेल्या वर्षीचा उशीर आम्ही दशांशापर्यंत मोजला, आणि यंदाचा मोजायचा राहिला.

आधीच्या दोन मॅचेस छोट्या टेबलांवर होत्या, त्या निभावल्या. ही शेवटची त्या मोठ्या टीव्हीवर.

म्हणून आता मी बटन-चेकमध्ये बसले होते, पाठीमागे ती दोघं मराठीत माझी चेष्टा करत होती, आणि मी बटण दाबलं. म्हातारीने काठी उचलली. पण केव्हा! चारवर नाही. मी चार शिकून आले होते, बोटांनी चार मोजल्या, आणि काठी त्यानंतरही कुठेतरी निवांत होती. पाच असतील, सात असतील. पोर्टच्या किती, टीव्हीच्या किती, मला काय माहीत. पुन्हा दाबलं. मग भराभर तीनदा. मागून “सुरू झालं बघ,” असं आलं आणि दोघं पुन्हा फुसकन हसले. भट्टीची ऊब तळव्यांतून पोटऱ्यांपर्यंत आली होती. हात मात्र गार पडले होते, पेटीचा सनमायका त्यांना गरम लागत होता.

पाकिटात ठेवलेल्या बिलाची मला आठवण झाली. बाबा इथे नव्हते. फोन टेकवायला वेळ नव्हता. वीस वेळा, मग अजून वीस वेळा दाबायला कुणी देणार नव्हतं. माझ्याजवळ फक्त बोटं होती, आणि ती सांगत होती.

किरण माझ्याकडे वळला. “ओके ना, अक्का?” पंच म्हणून बसलेली दिव्या अंगठा वर करून वाट बघत होती. “सरी” माझ्या जिभेवर आलेलंच होतं. तो शब्द मला इतका सवयीचा आहे की तो म्हणायला काहीच लागत नाही, तोंड किंचित उघडलं तरी तो बाहेर पडतो. मी ओठ मिटून घेतले. दांड्यावरचा हात काढला आणि वर केला, शाळेत कधी वेळेवर केला नव्हता तसा. सगळा हॉल बघत होता. मनात इंग्रजी वाक्य जुळवायला घेतलं आणि ते नेहमीसारखं अडकलं. कानात अजून ती मागची मराठी होती. तोंड उघडलं तेव्हा तीच बाहेर आली, घरातली, दार लावून बोलायची, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा खूप मोठ्याने आली. मागे कागद चुरगळायचा थांबला.

“थांबा. हे उशिरा चालतंय. मी मोजलेलं नाही, पण मला कळतंय.”